सहा बटनांचा डबा

सेलूच्या बाजारात, इलेक्ट्रिकच्या दुकानात, आदेश चाफलेनं बेलची सहा बटनं मागितली तेव्हा दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला.

"सहा दरवाजे हायेत का घराले?"

"एकच हाय."

"मंग बाकीचे पाव्हणे खिडकीतून येतात का साहेब?"

दुकानात दोन रिकामटेकडे बसले होते, त्यांना दिवसभर पुरेल एवढं हसू मिळालं. ऑफिससाठी हवीत म्हणून सांगितलं असतं तर विषय मिटला असता. पण आदेश एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहाय्यक. स्वतःच्या टेबलावर वाघ, दुसऱ्याच्या काउंटरसमोर शेळी. शेळीसारखंच त्यानं खरं सांगून टाकलं, "रिमोट बनवाचा हाय. टीव्ही गेमचा. जुन्या, कॅसेटवाल्या."

"वय किती झालं तुमचं?"

"त्रेचाळीस."

दुकानदारानं मुकाट्यानं बटनं मोजून पुडीत बांधली आणि पुडी देताना मयतीला सांत्वन करावं तशा आवाजात म्हणाला, "घ्या. होते कधी कधी या वयात."

या वयात हे का झालं, ते सांगायला हवं.

आदेशचा मोठा भाऊ चंद्रभान हिंगणीला शेती पाहतो. गेल्या दिवाळीनंतर कडबाकुट्टीच्या मशीननं त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. अंगठा राहिला, करंगळी राहिली. जखम भरली. चंद्रभान वखरायला लागला, बैलं धुवायला लागला, सगळं करायला लागला. पण चार माणसांत आला की हात दुपट्ट्यात. लग्नात, मौतीत, पानठेल्यावर, हात दुपट्ट्यातच. पंगतीला बसला तर डाव्या हातानं दोन घास चिवडून 'पोट भरलं' म्हणायचा आणि घरी येऊन बायकोला भाकर मागायचा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तो दोनदा वर्ध्याला आला. दोन्ही वेळा नंबर लागला. दोन्ही वेळा टेबलामागच्या बाबूनं तोंडातलं पान न थुंकता भर गर्दीत आवाज दिला, "किती गेली? वर करून दाखवा, वर!" बाजारात बैलाचे दात दाखवायला सांगतात, तस्सं. आणि दोन्ही वेळा चंद्रभान हात न दाखवता एसटीत बसून परत गेला. त्या कार्यालयाचं नाव इथं लिहिलेलं नाही, ते भीतीपोटी नाही. नाव लिहिलं तर बाकीच्या कार्यालयांना वाटेल की आपण सुटलो. टेबल कुठलंही असो, त्याच्यामागं बसलं की माणसाचा गळा बदलतो. आदेशला हे पक्कं ठाऊक होतं, कारण सकाळी दहापासून सहापर्यंत तो स्वतः दुसरं काही करत नव्हता.

आता तिसरी तारीख आली होती. येता सोमवार. पत्राच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की या वेळी तपासणी न झाल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल. शकुबाईचा, म्हणजे चंद्रभानच्या बायकोचा फोन आला.

"भाऊजी, या खेपेले त्यायनं हात नाई काढला तं कागद गेला समजा. अन् कागद गेला तं जाऊ द्या. इथं माणूसच दुपट्ट्यात जाऊन राह्यला. तुमीच काई करा."

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? हिंगणीला गेला असता, भावाजवळ बसला असता, बोलला असता. आदेशनं सोल्डरिंग आयर्न विकत आणलं. जवळच्या माणसाशी सरळ बोलायची वेळ आली की जो एखादं काम काढून बसतो, त्याला मध्यमवर्गीय म्हणतात.

त्याचा हिशेब असा होता. दोघं भाऊ पोरवयात असताना घरात टीव्ही गेम आला होता. पिवळ्या कॅसेटचा. त्यात टँकचा एक गेम होता. खाली विटांच्या आडोशात आपला एक पक्षी बसलेला, वरून दुश्मनाचे टँक येणार, आपण आपल्या टँकनं पक्षी वाचवायचा. पक्षी गेला की खेळ खल्लास. या गेममध्ये चंद्रभानला हिंगणीत तर सोडाच, अख्ख्या सेलू तालुक्यात कोणी हरवलं नव्हतं. बोरधरणावर सहलीला आलेली नागपूरची पोरंसुद्धा त्याच्याकडून मार खाऊन गेली होती. ते गेम मशीन अजून आदेशच्या माळ्यावर होतं, आणि चालत होतं. चंद्रभाननं एकदा खेळायला हात बाहेर काढला की काढला, मग सोमवारी काढायला काय लागतं, असा विचार. आंघोळ करताना सुचला होता, म्हणून त्याला तो फार मोठा वाटला.

अडचण रिमोटची होती. जुना रिमोट दोन अंगठ्यांनी खेळायचा आणि बाकीच्या आठ बोटांनी खालून धरायचा. आठातली तीन नसली की तो हातातून घसरतो. म्हणजे टेबलावर घट्ट बसणारा, जड, मोठ्या बटनांचा रिमोट हवा. नुसता पंजा आपटला तरी चालला पाहिजे. चार दिशांची चार बटनं, एक गोळीचं, एक खेळ चालू करायचं. सहा.

बटनं आली. आता डबा.

स्वयंपाकघरातल्या फळीवर एक पसरट स्टीलचा डबा दोन महिन्यांपासून पडून होता. तो तिथं का होता, हे समजायचं तर डब्यांचा कायदा ठाऊक पाहिजे. शेजारून डबा आला तर तो रिकामा परत करायचा नाही. आत काहीतरी घालूनच द्यायचा, आणि जे आलं त्याच्या तोलाचं घालायचं. शेजारच्या लीनाकाकूंनी या डब्यातून सांबारवडी, म्हणजे कोथिंबीर भरलेली वडी, पाठवली होती. आता सांबारवडीला उत्तर काय? शिरा दिला तर 'एवढंच?' पुरणपोळी करायची तर आदेशची बायको पौर्णिमा शाळेत शिक्षिका, घरी पेपरांचे गठ्ठे. म्हणून डबा थांबला होता. असे डबे या जिल्ह्यात घरोघरी थांबलेले आहेत. कोणाच्याही घरात स्वतःचे डबे नाहीत. म्हणून तर लोक भांड्यांवर नावं कोरून घेतात.

खुद्द पौर्णिमाचा, लग्नात मामानं दिलेला असाच एक डबा नऊ वर्षांपासून बेपत्ता होता. तिचा संशय हिंगणीवर, म्हणजे शकुवहिनीवर होता. ती तसं बोलत नसे. पण दर दिवाळीला हिंगणीला गेली की पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरायची आणि अख्खी फळी डोळ्यांखालून घालून यायची. नऊ वर्षं दोघी जावा एकमेकींशी मोजून बोलत होत्या, आणि का ते शकुबाईला अजून माहीत नव्हतं.

आदेशला यातलं काही आठवलं नाही. आपल्या घरात आहे म्हणजे आपला. झाकणावर नाव होतं, पण बारीक ठिपक्यांत कोरलेलं, आणि आदेशला जवळचं दिसत नव्हतं. चष्मा केलेला होता. तो ड्रॉवरमध्ये होता, कारण चष्मा लावला की माणूस चाळिशीचा दिसतो असं आदेशचं मत होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी चाळिशीचा न दिसण्यासाठी माणूस काय काय फोडतो, ते पुढं येईलच. त्यानं झाकणावर खाकी कागद चिकटवला, बांगडी ठेवून सहा गोल आखले आणि डबा घेऊन अंकुशच्या ग्रील-गेटच्या दुकानात गेला.

अंकुश वेल्डिंगचा काळा चष्मा वर करून म्हणाला, "डबा कोणाचा व्हय?"

"आपलाच."

"वहिनीले विचारलं?"

"अरे, तू भोकं पाड."

"पाडतो न. मले का? पण याच्यापेक्षा गेट करून घ्या साहेब. तुमचं गेट लय कुचकं दिसते."

सहा भोकं पडली. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत, आदेशच्या गल्लीत, एवढ्यानं बातमी पसरली. संध्याकाळी कुंपणापाशी दत्तोपंत उभे राहिले. दत्तोपंत म्हणजे लीनाकाकूंचे यजमान, सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अधीक्षक उतरला नव्हता.

"काय आदेशराव, गेमचा रिमोट करताय म्हणे? आराखडा केला का?"

"नाई, तसा काई..."

"अंदाजपत्रक? कुणाची तांत्रिक मान्यता? नाही ना? अहो, मग हे काम नाही, हा उपद्व्याप आहे."

लीनाकाकू आतून म्हणाल्या, "भावासाठी करतोय तो. त्याला सांगा, शनिवारी मारुतीला तेल घाल. रिमोटपेक्षा लवकर गुण येईल."

दत्तोपंतांची आणखी एक सवय होती. शेजाऱ्यांना ते तोंडी काही मागत नसत, लेखी मागत. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर, जावक क्रमांक टाकून. आदेशकडे महिन्याभरापूर्वी एक कागद आला होता: 'स्मरणपत्र क्र. १'. या आठवड्यात 'स्मरणपत्र क्र. २' आलं. आदेशनं दोन्ही वाचली नाहीत. एक तर चष्मा ड्रॉवरमध्ये. दुसरं असं की स्मरणपत्र वाचायचं असतं ही कल्पनाच त्याला नवीन होती. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यानं कधी कुठलं स्मरणपत्र वाचलं नव्हतं, उत्तर मात्र प्रत्येकाला दिलं होतं. याही दोघांना त्यानं खाली 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहून, सही ठोकून, परत पाठवलं.

आणि कार्यवाही खरोखरच सुरू होती. त्यानं जुना रिमोट उघडला. आत एक काळा ठिपका आणि त्यापासून निघालेल्या केसाएवढ्या बारीक रेघा. त्या रेघांना तारा जोडून त्या बेलच्या बटनांपर्यंत न्यायच्या. चष्म्याशिवाय. पहिल्या दिवशी अंगठा भाजला. दुसऱ्या दिवशी दोन रेघा एकमेकींना चिकटल्या. टँक वर जा म्हटलं की आधी उजवीकडं सरकायचा, डावीकडं म्हटलं तरी उजवीकडं. निवडून आलेल्या माणसासारखा. पौर्णिमा दुरूनच म्हणाली, "चष्मा घाला न."

"दिसते मले."

"हो, दिसूनच राह्यलं आमाले बी."

तिसऱ्या दिवशी सगळं डब्यात बसवून मशीन चालू केलं, तर खेळ सुरू व्हायचा, थांबायचा, सुरू व्हायचा, थांबायचा, आणि टँक गोल फिरत गोळ्या झाडायचा. डबा स्टीलचा. सहाही बटनांच्या पट्ट्या डब्याला टेकलेल्या, म्हणजे सहाही बटनं एकाच वेळी दाबलेली. लाकडाचा, प्लास्टिकचा, अगदी पुठ्ठ्याचा डबा चालला असता. जगात जेवढे पदार्थ चालले असते ते सगळे सोडून आदेशनं नेमका न चालणारा निवडला होता. शेवटी पंक्चरच्या दुकानातून सायकलची फाटकी ट्यूब आणली, तिचे वायसर कापून प्रत्येक बटनाखाली घातले. मग टँक सरळ झाला.

पण गोळी उशिरा निघत होती. घरचा टीव्ही नवा, भिंतीला चिकटलेला. जुन्या मशीनचं चित्र त्याला समजायलाच वेळ लागायचा. बटन दाबलं की गोळी क्षणभर विचार करायची, मग निघायची. सरकारी टँक. असल्या टँकनं चंद्रभान पहिल्याच फेरीत मेला असता आणि हात आणखी एक हात आत गेला असता. जुना डब्बा टीव्ही पाहिजे होता, आणि गल्लीत तो एकाच घरी होता. दत्तोपंतांच्या. लीनाकाकूंच्या क्रोशाच्या झाकणाखाली, चालू स्थितीत.

आदेश शनिवारी गेला. उद्या दुपारी दादा येणार, रात्री मुक्कामी राहणार, सोमवारी सकाळी तपासणी. दोन तास टीव्ही द्या.

"अर्ज द्या," दत्तोपंत म्हणाले.

आदेशनं तिथंच अर्ज लिहिला. दत्तोपंतांनी तो वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या आणि शेरा मारला: 'मंजूर. मात्र अर्जदाराकडे प्रलंबित असलेला डबा सोबत सादर करावा. संदर्भ: स्मरणपत्र क्र. १ व २.'

"कोणता डबा?"

दत्तोपंतांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की आदेशला आपल्या टेबलासमोर उभे राहणारे लोक आठवले.

घरी येऊन त्यानं पौर्णिमाला विचारलं. तिनं रिमोट उचलला आणि झाकणावरचा खाकी कागद नखानं सोलायला घेतला. चार बटनांमधून कागदाची चिंधी निघाली, खाली अक्षरं उघडी पडली. तिनं मोठ्यानं वाचलं, "श्री. दत्तोपंत यांस, छत्तीस वर्षांच्या निष्कलंक... भोक... निमित्त सप्रेम... भोक. कर्मचारी वृंद."

"निवृत्तीचा डबा व्हय त्यायचा," पौर्णिमा म्हणाली. "छत्तीस वर्षांत त्यायले एवढाच भेटला."

"तू काऊन नाई सांगितलं?"

"तुमी विचारलं का? आतापर्यंत मी समजत होती, आपल्या घरी चोरी फक्त बाहेरचे करतात."

आदेशनं रात्रभर विचार करून जो तोडगा काढला, तो कार्यालयात वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. त्यानं भोकांवर नवा खाकी कागद चिकटवला.

रविवारी दुपारी चंद्रभान हिंगणीहून आला. डाव्या हातात वांग्यांची पिशवी, उजवा हात दुपट्ट्यात. आदेशनं त्याला सरळ दत्तोपंतांच्या बैठकीत नेलं, तर तो दाराशीच थबकला. टीव्हीवरचं क्रोशाचं झाकण काढलेलं, समोर ते पिवळ्या कॅसेटचं मशीन. क्षणभर त्याचा चेहरा खुलला. मग त्यानं टेबलावरचा डबा पाहिला.

"हे का होय?"

"रिमोट, दादा. नुसत्या पंजानं दाबता येते. तुह्यासाठी बनवला."

"माह्यासाठी."

"हो."

चंद्रभाननं डब्याकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं. "लंगड्या बैलाले वेगळी गव्हाण बांधतात, तसं का रे? अन् शेजारीपाजारी बसवून? तिकीट बी लावाचं होतं मंग." आणि तो जाऊन लांबच्या खुर्चीत बसला, हात दुपट्ट्यात, तोंड खिडकीकडं. लीनाकाकूंनी चहा दिला, तो त्यानं डाव्या हातानं घेतला. सहा दिवस, सहा बटनं, एक भाजलेला अंगठा, सगळं फुकट. उद्या सकाळी हा माणूस तिसऱ्यांदा एसटीत बसणार, हे आदेशला समोर दिसत होतं. त्याला चष्म्याची गरज नव्हती.

"आणि डबा?" दत्तोपंतांनी विचारलं.

दत्तोपंतांची नजर टेबलावर गेली. डब्याच्या काठाला एक पोचा होता. तो पोचा त्यांनी आठ वर्षं पुसला होता. ते उठले आणि त्यांनी कागद सोलला. सबंध. सावकाश. वाचलं. बोट फिरवत फिरवत भोकापाशी यायचं, थांबायचं, पलीकडून पुढं जायचं.

"निष्कलंक," ते म्हणाले, "एवढं ठेवलंत. आभारी आहे."

"साहेब, मी..."

"काही बोलू नका. पंचनामा होईल."

त्यांनी खरंच कॅलेंडरचं पान घेतलं, पेन घेतला आणि टीव्हीसमोर बैठक मारली. वस्तूची सद्यस्थिती तपासायला लागले. पहिलं बटन दाबलं, टँक वर गेला. लिहिलं: 'बटन क्र. १, रणगाडा वर जातो.' दुसरं, तिसरं, चौथं. पाचवं दाबलं, गोळी सुटली, खालच्या विटा फुटल्या आणि पक्षी उडाला. खेळ खल्लास.

"हे काय झालं?"

"पक्षी मेला," आदेश म्हणाला.

"कुणी मारला?"

"तुमी."

"अशक्य. तो आपल्याच कार्यालयात बसलेला आहे ना? मी स्वतःच्या कार्यालयावर गोळी कशाला झाडीन? पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. दत्तोपंतांनी टँक वळवायच्या आधीच पाचवं बटन दाबलं. पक्षी खल्लास.

लांबच्या खुर्चीतून आवाज आला, "तोंड फिरवा न आधी."

"काय म्हणालात?"

"टँकचं तोंड. खाली तोंड ठेवून गोळी माराल तं खालीच जाईन ते."

"मला सूचना लेखी..." एवढ्यात वरून दुश्मनाचे दोन टँक आले. दत्तोपंत घाबरले आणि त्यांनी पंचनाम्याचा कागद सोडून दोन्ही हातांनी मिळेल ते बटन दाबायला सुरुवात केली. टँक स्वतःभोवती फिरला. पहिली वीट फुटली. दुसरी फुटली.

"अहो बाबूजी, उजवीकडं! उजवीकडं! दुश्मन तिकडं हाय, तुमी आपलाच पक्षी काऊन मारून राह्यले! सरका, सरका तिकडं!"

चंद्रभान खुर्चीतून उठला तेव्हा दुपट्टा खुर्चीच्या हाताला अडकला आणि तिथंच राहिला. हे त्याला कळलं नाही. तो येऊन टेबलापाशी बसला, डावा हात दिशांवर, आणि उजवा पंजा, अंगठा-करंगळी आणि मध्ये जे काही उरलं होतं ते, पाचव्या बटनावर आपटला. ढप्. एक टँक गेला. ढप्. दुसरा.

हात सगळ्यांनी पाहिला. आदेशनं यावेळी म्हणायला दोन वाक्यं पाठ करून ठेवली होती. ती तशीच राहिली, कारण डावीकडून तिसरा टँक येत होता आणि दत्तोपंत ओरडले, "आला, आला, पाण्याच्या टाकीकडून आला!" पाण्याची टाकी वगैरे गेममध्ये नव्हती. पण चंद्रभानला समजलं. ढप्.

दुसरा जुना रिमोट चालू होता, तो दत्तोपंतांच्या हातात गेला आणि दोघं मिळून खेळायला लागले. तेवढ्या दुपारी दत्तोपंतांनी आणखी सात वेळा स्वतःचाच पक्षी मारला. छत्तीस वर्षांत त्यांना कोणी जेवढं बोललं नव्हतं, तेवढं चंद्रभाननं दोन तासांत ऐकवलं. लीनाकाकू दारात उभ्या राहून पदराआड हसत होत्या. त्यांच्या मनातलं कोणीतरी मोठ्यानं बोलत होतं.

उठताना दत्तोपंत आदेशला म्हणाले, "डब्याचा विषय तूर्त प्रलंबित ठेवण्यात येत आहे." आणि डबा टीव्हीवरच राहिला. चंद्रभाननं खुर्चीवरचा दुपट्टा उचलला, खांद्यावर टाकला. हात मात्र बाहेर राहिला की आत गेला, हे आदेशनं मुद्दाम पाहिलं नाही.

सोमवारी रजा टाकून तो भावासोबत गेला. रांग तीच, टेबल तेच, पान तेच. हात आत होता. नंबर लागला. बाबूनं मान वर न करता आवाज दिला, "किती गेली? वर करा, वर!"

रांगेतली सगळी तोंडं वळली. चंद्रभाननं हात दुपट्ट्यातून काढला, पण वर केला नाही. बाबूच्या समोर, फायलीवर, ठेवला.

"तीन. मोजून घ्या. अन् वर मी नाई करत. पाह्याचं असन तं तुमी वाका."

बाबूनं पान गिळलं. असं उत्तर नियमात नसल्यामुळे त्यानं नियमातलं एक वाक्य काढलं, "डॉक्टरसाहेब दौऱ्यावर आहेत. बुधवारी या."

टेबलावर शिपायाला बोलवायची घंटा होती. पितळेची, वर गोल बटन. चंद्रभाननं तिच्याकडं पाहिलं आणि आदेशनं चंद्रभानकडं पाहिलं. काही म्हणायच्या आत पंजा खाली आला. टिंग. शिपाई आला. टिंग. दुसरा शिपाई आला. टिंग, टिंग, टिंग. मागच्या बंद खोलीचं दार उघडलं आणि हातात पोह्यांची बशी घेऊन दौरा बाहेर आला.

"कोण आहे रे?"

"पेशंट," चंद्रभान म्हणाला, "अन् तुमी भेटले हे बरं झालं."

तपासणी पाच मिनिटांत झाली. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यात 'डावा हात' छापलेलं होतं आणि दुरुस्तीसाठी पुन्हा जावं लागलं. चंद्रभान एकटाच गेला. तक्रार केली नाही. घंटा कुठं असते ते आता त्याला माहीत होतं.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी हिंगणीहून वांगी येतात आणि दत्तोपंतांच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो. पहिल्या अशा रविवारनंतर गुरुवारी आदेशकडे एक कागद आला, सोबत एक पसरट स्टीलचा डबा. या वेळी त्यानं ड्रॉवरमधून चष्मा काढला, लावला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. नोकरीतला पहिलाच.

'विषय: दुसऱ्या खेळाडूकरिता डबा तयार करून मिळणेबाबत. संदर्भ: आपले बंधू यांनी रविवारी मारलेले तोंडी ताशेरे. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, जुन्या रिमोटची बटने बारीक असल्याने निम्नस्वाक्षरीकाराकडून पक्षी वारंवार मरत आहे. तरी बंधूंप्रमाणेच सहा बटनांचा डबा सत्वर करून मिळावा. सोबत: रिकामा डबा, एक.'

डबा रिकामा नव्हता. लीनाकाकूंनी तो दत्तोपंतांच्या हातात द्यायच्या आधी आत चार सांबारवड्या घातल्या होत्या. कागदावर काय वाट्टेल ते असो.

आदेशनं एक वडी तोंडात टाकली. चष्मा नाकावर होताच. एकदा शहाणा झालेला माणूस, त्यानं भोकं आखण्याआधी झाकण खिडकीपाशी नेलं, तिरपं धरलं आणि ठिपके वाचले. मग पुन्हा वाचले. मग पौर्णिमाला हाक मारली आणि झाकण तिच्या हातात दिलं.

'चि. सौ. कां. पौर्णिमा हिस मामाकडून सप्रेम भेट.'

नऊ वर्षं तो डबा शेजारी होता. दहा पावलांवर. कधीतरी हिनंच त्यातून काहीतरी पाठवलं असणार, आणि काकू तेव्हापासून तोलाचं काहीतरी करायला वेळ शोधत असणार.

पौर्णिमानं झाकणावरून अंगठा फिरवला. मग खुर्चीत बसली.

"हिंगणीले फोन लावा," ती म्हणाली. "वहिनीले. अन् तुमीच बोला. माह्याच्यानं नाई होत."

"का सांगू?"

"सांगा का पुढच्या खेपेले तुमच्या दादासंग त्यायनं बी यावं म्हणा. जेवाले."

आदेशनं फोन उचलला. तेवढ्यात कुंपणापलीकडून दत्तोपंतांचा आवाज आला, "आदेशराव, डब्याचं काय झालं?"

पौर्णिमानं डबा पोटाशी धरला आणि खिडकीतून ओरडून सांगितलं, "कार्यवाही सुरू हाय!"